खांद्याची वाटी

डॉक्टरांनी एक्स-रेवर बोट ठेवलं. "आजी, सांधा नवा बसवू, पण तो धरून ठेवायला वाटीचं हाडच उरलेलं नाही. खांदा फार वेळा निखळलाय."

"आई पहिल्यापासून वेंधळी," मुलगा हसला. "सारखी पडायची. बिचारे बाबाच दर वेळी दवाखान्यात न्यायचे."

"वाटी भरायला दात्याचं हाड लागेल. तुमच्या वडिलांनी आमच्याच बोन बँकेला हाडं दान केलीत. त्यातलंच वापरता येईल."

मुलाचे डोळे भरून आले. "बघ आई! बाबा गेल्यावरसुद्धा तुझा हात सोडायला तयार नाहीत."

आई दुखरा हात पोटाशी धरून खुर्चीतून उठली.



"नको रे. जिवंतपणी निदान बाहेरून पिरगाळायचे."