पुन्हा स्वागत

दुसऱ्या लग्नासाठी नाव नोंदवतेय हे ओळखीच्यांना कळायला नको, म्हणून सुवर्णा इंदिरानगर सोडून धाकट्या भावाबरोबर, ज्ञानेशबरोबर, नाशिक रोडच्या एका सायबर कॅफेत आली होती. तिचा नवरा महेश पुरात वाहून गेला, त्याला चार वर्षं झाली होती. गोदावरीच्या काठावर त्याच्या चपला सापडल्या, तो काही सापडला नाही.

ज्ञानेशनं वधूवरांची वेबसाइट उघडली. वरच अक्षरं आली, 'महेश बोराडे, पुन्हा स्वागत.'

सुवर्णा ज्ञानेशकडे वळली. "हे नाव तू टाकलंस?"

"नाही गं ताई!" ज्ञानेशनं घाबरून कॅफेवाल्याला हाक मारली.

"आधीच्या कुणा गिऱ्हाईकाचं असेल," कॅफेवाला म्हणाला. "या कॉम्प्युटरवर तुमची ओळख ठेवू का, असं साइट विचारते. लोक न वाचताच 'हो' दाबून मोकळे होतात. कुकी म्हणतात त्याला. थांबा, पुसून देतो."

"नको, पुसू नका," ती म्हणाली.

कॅफेवाला गेल्यावर ज्ञानेशनं त्या नावावर क्लिक केलं. फोटो उघडला. मिशी काढली होती, कानाजवळचे केस पिकले होते, पण महेशच होता. खाली लिहिलं होतं, 'नोकरी मनमाडला. विधुर. योग्य वधू पाहिजे.'

"ताई, चल इथून," म्हणत ज्ञानेश उठला.

सुवर्णानं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं.

"थांब. मी कशानं गेले, तेवढं वाचू दे."