मोहरीएवढा ठिपका

ऑपरेशनला दोन वर्षं होत आली आणि भालचंद्ररावांच्या रक्तात प्रोस्टेट कॅन्सरची खूण पुन्हा दिसली. तो कुठे दडलाय, हे शोधायला डॉक्टरांनी स्कॅन सांगितला. तेव्हापासून त्यांनी बोलणंच टाकलं.

स्कॅनआधी शिरेत किरणोत्सारी औषध टोचताना त्यांनी मान फिरवली. त्यांची बायको हेमलता मात्र नर्सला विचारत होती, "एवढ्या शरीरात हे औषध त्याला ओळखतं कसं?"

"कॅन्सरच्या पेशींनाच जाऊन चिकटतं, काकू. मग स्कॅनमध्ये त्या चमकतात."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या पडद्यावर गाल, मूत्रपिंडं, मूत्राशय, सगळंच लखलखत होतं. "एवढा पसरलाय?" हेमलताबाईंनी विचारलं. भालचंद्रराव फरशीकडे बघत होते.

"ते निरोगी माणसांचंही चमकतं," डॉक्टर म्हणाले. "आपला हा ठिपका, ओटीपोटातला. एकच गाठ आहे, बाकी कुठे काही नाही. रेडिएशन देऊन हिच्यावर इलाज करता येईल."

हेमलताबाई पडद्याजवळ वाकल्या. "अगंबाई, हा तर मोहरीएवढा आहे."

"बघू," भालचंद्रराव म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून खिशात चष्मा शोधू लागले.