तिसरी सीडी

राजुऱ्याच्या कय्यूमभाईच्या दुकानात पत्रिका जुळवाच्या पहिल्याच सीडीनं सत्तावीस गुन देले ना! छत्तीसपैकी सत्तावीस! प्रणितानं आपली जन्मतारीख टाकली, कुलदीपची टाकली, बटन दाबलं अन् हे सत्तावीस. घरात कॉम्प्युटर तिलेच येत होता, म्हनून बापानं तिलेच खुर्चीवर बसवलं होतं. तिनं एकदम वळून बापाकडं पाह्यलं.

बाप म्हनला होता, पत्रिका जुळली तं मी आडवा येनार नाई. कुलदीपच्या घरी तं पत्रिका मानतच नाई कोनी. तरी त्यानं आईले विचारून जन्माची वेळ चिठ्ठीवर लिहून देली होती, मिनिटासकट.

"दुसरं लाव," बाप म्हनला. सोमाजीभाऊ ठेंगणे.

"भाऊ, हेच चालून राह्यलं सध्या," कय्यूमभाई म्हनला. "गावातले दोन महाराज हेच घेऊन गेले."

"फुकट नेऊन राह्यलो का मी? पाहू तं दे."

कय्यूमभाईनं दुसऱ्या कंपनीचा डेमो लावला. प्रणितानं पुन्हा तेच टाकलं. तारीख, वेळ, गाव. चोवीस.

"अठराच्या वर जुळलंच समजा, भाऊ. कोनतंबी घ्या, डोळे झाकून."

"अजून आहे का?"

होतं एक. खालच्या खनात पडलं होतं, कय्यूमभाईनं शर्टाले पुसून लावलं. दोनदा अडकलं. अक्षरं तुटकी, काना एकीकडं, मात्रा दुसरीकडं. प्रणितानं या डावाले चिठ्ठी उघडलीच नाई, सारं पाठ झालं होतं.

सोळा.

सोमाजीभाऊ वाकून जवळ गेला, चष्म्यातून पाह्यलं, मंग चष्मा वर करून पाह्यलं.

"हे बरोबर आहे. हेच दे."

"भाऊ, याचं प्रिंटबी धड येत नाई. मंग वापस आनसान तं मी घेनार नाई, सांगून ठेवतो."

"नाई आनत."

"बाबा," प्रणिता म्हनली, "तुमीच तं म्हनले होते..."

"म्हनलो होतो. जुळली का?"

 कय्यूमभाईनं डेमोचं पक्कं करायले नंबर टाकला, तं स्क्रीनवर रिकामा चौकोन आला, मालकाचं नाव मागून राह्यला.

"कोनाचं नाव टाकू, भाऊ?"

"तिचंच टाक. तिच्याचसाठी पोरं पाहाचे आहे आता."

कय्यूमभाई कीबोर्डकडं वाकला, पन प्रणिता खुर्चीवरून उठली नाई. स्वतःच टाकाले लागली. 'प्रणिता सोमाजी' एवढं टाकलं अन् थांबली.

"भाई, आडनाव मंग बदलता येते का यात?"

"नाई बेटा. एकदा टाकलं का तेच राह्यते."

तिनं 'ठेंगणे' टाकलं.