गोमाजीची जांभळं

"आ कर," गोमाजी खाटेवरून म्हणाला.

आवडाबाईने पदर तोंडाला लावला. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने तिच्याकडे पुष्कळ काही मागितलं होतं, पण जीभ दाखव असं कधी म्हटलं नव्हतं.

"आ कर म्हनतो ना."

तिने तोंड उघडलं. जीभ गडद जांभळी झाली होती.

"म्हंजे माजी जांभलं तूच खातेस. मी उगाच शेजारच्या मनुबाईवर आळ घेत व्हतो."

"दोनच खाल्ली," आवडाबाई म्हणाली आणि चुलीकडे वळली.

दोन की वीस, हा प्रश्नच नव्हता. गोमाजीच्या जिवाची नुसती तगमग झाली. एक्क्याण्णव सालचा शिमगा झाला आणि चारच दिवसांनी कोलशेतच्या खाडीत होडीतून उतरताना तो चिखलात घसरला. मांडीचं हाड मोडलं. खाटेवर पडल्या पडल्या त्याने भिंतीकडे तोंड केलं, ते केलंच. आवडाबाई त्याला उचलून बसवायची, न्हाऊ घालायची, पुन्हा निजवायची. तो हूं की चूं करत नसे. प्लास्टर निघालं तेव्हा आतला पाय बघून तर त्याने हायच खाल्ली. वल्ह्याच्या दांड्यासारखा बारीक झाला होता. होडी विकून टाक, एवढंच बोलला आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

मग जूनच्या सुरुवातीला डॉक्टर स्कूटरवरून येऊन पाय बघून गेले. जाताना दारात उभे राहून आवडाबाईशी बोलत होते. गोमाजीचा पाय गेला असेल, कान शाबूत होते.

"या वयात दुखावलेला स्नायू भरायला वेळ लागतो," डॉक्टर सांगत होते. "जांभळं, करवंदं, अशी गडद रंगाची फळं खाण्यात ठेवा. त्यानं मदत होते म्हणतात. आणि वजन उचलणं एकदम बंद."

वजन म्हणजे जाळं, नांगर, इंजिन. गोमाजीला सगळं कळलं. वेळ लागतो म्हणाले, म्हणजे भरतो. त्याच दुपारी येऊरची रंभा गल्लीत जांभळांची पाटी घेऊन आली. आवडाबाई पानाचा द्रोण भरून घेऊन आत आली, तर गोमाजी कोपरावर उठलेला. हात पुढे करून म्हणाला, "आन इकडं."

तेव्हापासून रोजचा द्रोण ठरला. एकेक मूठ खायची, बिया करवंटीत टाकायच्या आणि मांडी आवळायची, सोडायची. बायकोच्या खांद्यावर हात टाकून तो आधी उंबऱ्यापर्यंत गेला, मग ओटीपर्यंत. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात जाणार आणि आपण तिच्यात उभे असणार, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं. सात आठवडे उरले होते. जांभळांचा हंगामही सरत आला होता. अशा वेळी कुंपणच शेत खायला लागलं तर माणसाने करायचं काय?

एकदा मनात किंतू शिरला, की माणसाला भलभलतं दिसू लागतं. गोमाजीला तर सगळंच दिसू लागलं. ही हंडा डाव्या हाताने आणते, तोही अर्धा. मासळीची टोपली मनुबाईच्या डोक्यावर देऊन बाजारात धाडते. सकाळी ओटीवर बसून मनुबाईकडून वेणी घालून घेते, राणीसारखी. आपल्याला उठवतानाही डावा खांदा पुढे करते, उजवीकडून हात टाकला तर अंग चोरते. नवरा आडवा पडला आणि बाईला सुख लागलं, असं म्हणून त्याने द्रोण उशीखाली लपवायला सुरुवात केली. उशीचा अभ्रा जांभळाच्या डागांनी भरला. तो धुताना आवडाबाई काही बोलली नाही. न बोलणं हीसुद्धा चोराचीच खूण, असं त्याला वाटलं.

शनिवारी डॉक्टर आले. गोमाजी त्यांचीच वाट बघत होता.

"डॉक्टर, तुमी सांगितलेली जांभलं मना पुरी मिलत नाय. चोर घरातच हाय."

डॉक्टरांनी मांडी दाबून पाहिली, गुडघा वाकवून पाहिला. "पाय छान भरतोय," ते म्हणाले. "पण जांभळं मी तुम्हाला कुठे सांगितली होती?"

मग ते आवडाबाईकडे वळले. "काकी, खांदा बघू. वजन उचलणं बंद केलंत ना?"

आवडाबाईने उजव्या खांद्यावरचा पदर बाजूला केला. खांदा सुजला होता. डॉक्टरांनी हात वर करायला सांगितला, तो कानापर्यंतही गेला नाही. डॉक्टरांनी खाटेवरच्या गोमाजीकडे एकदा पाहिलं आणि वजनाचं पुन्हा विचारलं नाही.

स्कूटरचा आवाज गेला. गोमाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उशीखालचा द्रोण काढून त्याने स्टुलावर ठेवला, पण तिच्याकडे बघवेना. आवडाबाई रोजच्यासारखी खाटेशी येऊन वाकली. डावा खांदा पुढे करून म्हणाली, "चला, टाका हात."

गोमाजीने हात टाकला नाही. खिडकीचा गज धरला. दात आवळून, घामाघूम होत तो उठला. पाय लटलट कापत होता, पण उभा होता.

"डॉक्टर बोलला त्याच दिशी का नाय सांगितलंस, का जांभलं तुजी हायेत म्हनून?"

आवडाबाईने पदर पुन्हा खांद्यावर ओढून घेतला.

"कशी सांगू? शिमग्यापासून पयल्यांदा तुमी भिंतीकडचं तोंड फिरवून काय तरी मागितलंत."