टच अँड गो

"टच अँड गो," एवढंच काकांना सांगून ते परप्रांतातले डॉक्टर घाईघाईने पुन्हा अतिदक्षता विभागात शिरले. काकांचा चेहरा उजळला. "वहिनी, हात लावून भेटून घ्या आणि घरी जा म्हणतायत. म्हणजे भाऊंना उतार पडला." कालपासून बाकड्यावर अवघडून बसलेली आई पिशवी आवरू लागली.

प्रणोती मात्र जागची हलली नाही. बँकेच्या परीक्षेसाठी ती महिनाभर इंग्रजी वाक्प्रचार घोकत होती. हा तर गेल्याच आठवड्यातल्या सराव चाचणीत आला होता. चार पर्यायांतला बरोबर पर्याय तिने झटक्यात निवडला होता : माणूस जगेल की जाईल, सांगता येत नाही अशी अवस्था. एक गुण मिळाला म्हणून खूशही झाली होती. आता ती काकांकडे वळली.

"काका, सुरतला दादाला फोन लावा. मिळेल त्या गाडीने निघ म्हणावं."

"अगं, पण डॉक्टर तर..."

"त्याचा अर्थ तसा नाही, काका."

"मग कसा आहे?" आईने विचारलं.

प्रणोतीने तिचा हात घट्ट धरला. "बाबांचं काही खरं नाही, आई. आपण इथंच थांबायचं."

दादा संध्याकाळी पोचला. बाबांनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, त्याची बोटं धरून ठेवली. तासाभरात ते गेले.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई पुढे सांगत राहिली, "पोरीला इंग्रजी कळलं, म्हणून बापलेकाची भेट झाली."