मेहुण्यासाठी रोबो

“तो कान मी कापत होते, बाबा.”

“कापत होतीस, पण तिरका,” वीबे म्हणाला आणि त्याने लेकीच्या हातातला पुठ्ठा काढून घेतला. “सरक इकडे. बघ कसं करायचं असतं.”

अकरा वर्षांची फेन्ना सरकली. शनिवारपासून ती नुसती सरकतच होती. वाचनालयातल्या सुट्टीच्या वर्गात ती संगणकाला बोलतं करायला शिकली होती. पुठ्ठ्याचा बोलका रोबो ही कल्पना तिची, आणि तो तिला स्वतःच्या हातांनी करायचा होता. तसे तिने दोनदा सांगितलेही. पण वीबेसमोर पक्कड आणि लेक एकदम आल्या, की त्याला आधी पक्कड दिसायची.

सिंटरक्लासची, म्हणजे भेटींच्या सणाची, संध्याकाळ दोन दिवसांवर आली होती. घरातल्या सगळ्यांनी नावांच्या चिठ्ठ्या उचलल्या होत्या. चिठ्ठीत निघेल त्याला भेट द्यायची, पण सरळ हातात नाही. घरी केलेल्या एखाद्या सोंगात ती अशी दडवायची, की घेणाऱ्याची त्रेधा उडावी. वर त्याची खोडी काढणारी कविता. ती त्याने स्वतःच सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची आणि रागवायचे नाही. गेल्या वर्षी वीबेने दुरुस्त केलेल्या भांडी धुण्याच्या यंत्राने स्वयंपाकघराचे तळे केले होते. त्यावरची कविता वाचताना त्याचे कान लाल झाले. ती मेहुण्याने, रूलोफने लिहिली होती, हे उघड गुपित होते. तेव्हापासून वीबे डूख धरून होता.

“कोण निघालंय गं तुझ्या चिठ्ठीत?”

“सांगायचं नसतं.”

“थोडंसं तरी?”

फेन्नाने विचार केला. “त्याला यंत्रांचं वेड आहे. आणि त्याला वाटतं, बाकी कुणाला काही येतच नाही.”

“बास, कळलं मला,” वीबे म्हणाला. त्याचा चेहरा फुलला. रूलोफने नुकतीच विजेची सायकल घेतली होती आणि भेटेल त्याला तो तिचे पुराण ऐकवत होता. दुसरा कोण असणार?

मग वीबेला चेव चढला. फेन्नाने पिशवीत घट्ट बांधलेली भेट त्याने रोबोच्या पोटातल्या डब्यात ठेवली, वर सफरचंदाचा काळा पाक ओतला आणि पाकात मोहरी कालवली.

“इतकं नको, बाबा. त्याला राग येईल.”

“येऊ दे. कोपरापर्यंत हात घालायला लागला पाहिजे त्याला.”

फेन्नाने आईकडे पाहिले. हेस्टरने विणकामात तोंड खुपसले.

कवितेच्या दोन ओळी फेन्नाने संगणकावर लिहून ठेवल्या होत्या:

यंत्र दिसता याला नुरते तहान आणि भूक,
सगळे येते, फक्त स्वतःची दिसत नाही चूक.

“मिळमिळीत आहे,” वीबे म्हणाला. त्याने कळफलक आपल्याकडे ओढला आणि खाली आणखी दोन ठोकल्या:

पोरांच्या हातातले काम घेतो हा हिसकावून,
शहाणपण विकतो जगाला, अक्कल गहाण ठेवून.

आपल्याच विनोदावर तो पोट धरून हसला. फेन्ना हसली नाही.

“हे खरंच ठेवायचं?”

“म्हणजे काय? यातच तर खरी मजा आहे.”

“बरं. पण रोबोने कुणाचं नाव घ्यायचं, ते त्याला मी सांगणार. तू बाहेर जा.”

वीबे शीळ घालत बाहेर गेला.

सिंटरक्लासच्या संध्याकाळी रोबो टेबलावर उभा राहिला, हातात कवितेचा कागद धरून. रूलोफ नेमका पांढरा शर्ट घालून आला होता. वीबेने मुद्दाम त्याच्या समोरची खुर्ची धरली, म्हणजे तोंड नीट बघता येईल. फेन्नाने कळ दाबली. रोबोचे डोळे लुकलुकले आणि तो खरखरत्या आवाजात म्हणाला, “बाबा, कविता वाच.”

वीबे आधीपासूनच हसत होता. ते हसू थांबायला थोडा वेळ लागला.

“उठा, भावोजी,” रूलोफ म्हणाला. “आणि जरा मोठ्याने.”

पहिल्या दोन ओळींना सगळे हसले. वीबेही हसला. तिसऱ्या ओळीला त्याचा आवाज बसला. चौथी त्याने इतकी हळू वाचली, की सासूबाईंनी कानामागे हात धरून ती पुन्हा वाचायला लावली. दुसऱ्या खेपेला कुणी हसले नाही. रूलोफही टेबलाकडे बघत बसला. वीबेला फार वाईट वाटले, आणि रागवायचे तर कुणावर, तेही कळेना.

त्याने कागद खाली ठेवला. “मी असा आहे, असं वाटतं तुला?” त्याने लेकीला विचारले.

“नाही,” फेन्ना म्हणाली. “मला तू पहिल्या दोन ओळींएवढाच वाटतोस, बाबा. पुढचं तुझं तूच ओळखलंस.”