ट्रेगिअरबाईंची पायरी

प्लिमथवर बॉम्ब पडत होते त्या वसंतात आमच्या गल्लीतलं ट्रेगिअरबाईंचं घर बाईंसकट गेलं. उरलं ते चौकटीतलं हिरवं दार आणि त्यापुढची पायरी.

आमच्याकडे रिकामी बाटली धुऊन रात्री पायरीवर ठेवतात, माणशी एक. पहाटे दूधवाला ती उचलून भरलेली ठेवतो.

दुसऱ्या दिवशी दूधवाला येण्याआधी बाईंच्या पायरीवर धुतलेली बाटली उभी होती.

"मेल्यावरही टापटीप!" एकटा राहणारा गॅस्किन हसला. "पण माझी बाटली ढापली की हो म्हातारीनं!"

त्यानं ती उचलून परत आपल्या पायरीवर ठेवली. त्या रात्री गल्लीत एकच बॉम्ब पडला, गॅस्किनच्या छपरावर.

पुढच्या आठवड्यात पॅस्को कुटुंबाच्या तिन्ही बाटल्या हिरव्या दारापाशी दिसल्या. ते तिघं शहाणे, रात्री परसातल्या खंदकात झोपायला गेले. बॉम्ब खंदकावर पडला. घराची काचही तडकली नाही.

तरी बाटल्या घरात ठेवाव्यात असं कुणी म्हणालं नाही. दूधवाल्याला काय वाटेल?

आज सकाळी विनीनं दार उघडलं. माझी बायको सहसा ओरडत नाही, आजही ओरडली नाही.

"अहो, इकडे या जरा."

आमच्या पायरीवर एकच बाटली होती. दुसरी समोर, हिरव्या दारापाशी, उन्हात चमकत होती.

"कुणाची गेली गं?" मी विचारलं. "दोन्ही सारख्याच तर होत्या."

विनीनं खाली वाकून उरलेली बाटली उचलली आणि छातीशी घट्ट धरली.

"ही माझी," ती म्हणाली.